भुलीतली राखण

गडहिंग्लज
८ जानेवारी २०२५

चि. शांभवीस आत्तीचा आशीर्वाद.

परवा फोनवर तू जे बोललीस त्यातलं निम्मंही मला ऐकू आलं नाही. कानातलं यंत्र लावलं की नुसती शिट्टी वाजते. म्हणून लिहिते. चौतीस वर्षं मराठी शाळेत मुलांना निबंध लिहायला लावले, हात अजून चालतो. शेजारची बनाबाई दर आठवड्याला लेकीकडे राजारामपुरीत येते. पत्र तिच्याबरोबर पाठवते, तूही तिच्याकडेच देत जा.

तपासणीचा कागद मी स्वतः वाचला. डाव्या स्तनातली गाठ कॅन्सरची आहे आणि ती काढायची आहे, एवढं मला कळलं. दोन दिवस रडून झालं. ऑपरेशनला मी तयार आहे. तू ठरवलेल्या डॉक्टरीणबाईंना मात्र तयार नाही.

तू फोनवर नुसतं ‘डॉक्टर रेहाना’ म्हणालीस आणि आडनाव गिळलंस. ते बनाबाईनं शोधून आणलं. मुल्लाणी. तिच्या लेकीच्या जावेचं ऑपरेशन त्यांनीच केलंय. हाताला गुण आहे म्हणतात. सुरी लावायच्या आधी त्यांच्या देवाचं नाव घेतात, असंही म्हणतात.

माझं कुणाशी वैर नाही. समोरच्या घरचा ईदचा शिरखुर्मा मी आवडीनं खाते हे तुला माहीत आहे. पण तुझे अण्णाप्पामामा, आमचे हे, कसे गेले ते आठव. तू नोकरीला होतीस त्याच दवाखान्यात, चौदा वर्षांपूर्वी, आतड्याच्या ऑपरेशनात. लहानपणी गळ्यात घातलेलं इष्टलिंग त्या माणसानं अंघोळीलासुद्धा अंगावेगळं केलं नव्हतं. आणि ते गेल्यावर तिथल्या सलोमी नावाच्या ख्रिश्चन नर्सनं प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात दिली. आत कवळी, घड्याळ आणि लिंग. आपल्या लिंगायतांत माणसाला पुरतानाही लिंग हातात देऊन समाधीत बसवतात. यांच्या शेवटच्या श्वासाला ते अंगावर नव्हतं. तिच्या देवाचं काही असतं तर तिनं असं ओरबाडून काढलं असतं का?

तेव्हा आपल्यातला डॉक्टर बघ. कपाळाला विभूती लावणारा. मला मूल नाही, माझं म्हणून तूच आहेस, म्हणून तुला सांगते.

तुझी
शांतव्वा आत्ती

•

राजारामपुरी, कोल्हापूर
११ जानेवारी २०२५

आत्ती, नमस्कार.

आडनाव मी गिळलं हे खरं आहे. तू हेच करशील हे मला माहीत होतं.

आपल्यातला डॉक्टर आहे. माझ्याच वर्गातला अमरेश. विभूती लावतो, सोमवार धरतो, हर्निया आणि अपेंडिक्स झकास करतो. स्तनाची ऑपरेशनं वर्षाला दोन-तीन. रेहाना मॅडम आठवड्याला तीन करतात. अमरेशनं स्वतःच्या आईला गाठ आली तेव्हा तिला कुणाकडे आणलं असेल? रेहाना मॅडमकडे. हे तू बनाबाईला विचार, तिला सगळ्यांची माहिती असते.

डॉक्टर कुठल्या देवाला हात जोडतो याच्याशी पेशंटला काय करायचंय? त्याचं शिक्षण बघ, अनुभव बघ. सुरीला देव नसतो आत्ती. शिवाय भूल मी देणार आहे. तू झोपशील तेव्हा मी तुझ्या उशाशी असेन आणि तू डोळे उघडेपर्यंत तिथून हलणार नाही. मग तुला दुसऱ्या कुणाची भीती कशाला?

मामांचं मध्ये आणू नकोस. आत काय झालं ते तुला माहीत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार, ही तारीख घेतली आहे. गाठ तुझ्या हट्टासाठी थांबणार नाही. महिनाभर ढकललं तर काखेतल्या गाठींपर्यंत जाऊ शकते. मी घाबरवत नाही, आहे ते सांगते.

शांभवी

•

गडहिंग्लज
१६ जानेवारी २०२५

चि. शांभवीस आशीर्वाद.

तिळगूळ पाठवलाय. गोड बोलण्याचं तेवढं तू मनावर घेऊ नकोस, तुला ते जमत नाही.

सुरीला देव नसतो म्हणतेस. सुरीला हातही नसतो. हात बाईचा असतो आणि बाईला देव असतो, नाहीतर नसतो. मी शुद्धीत असताना कुणीही माझं लिंग काढायला आलं तर मी त्याचा हात धरीन. भूल दिल्यावर काय करू? माझं अंग तुमच्या ताब्यात, माझं तोंड बंद. त्या वेळी ज्याला लिंग म्हणजे गळ्यातली एक वस्तू वाटते, तो ते सहज बाजूला करणार. ज्याच्या स्वतःच्या गळ्यात ते आहे त्याचा हात थबकणार. एवढं साधं आहे. यात तुझ्या मॅडमचा अपमान कुठे झाला?

आत काय झालं ते मला माहीत नाही, हे तू बरोबर लिहिलंस. मी बाहेर बाकावर बसले होते. तू आत होतीस. चौदा वर्षांत तू एका शब्दानं सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही, कारण तुलाही त्रास होत असेल असं मला वाटलं.

बरं, आता माझं शेवटचं ऐक. अमरेशचं मला पटलं. आपल्या आईला जिथं नेलं तिथं मीही येते. मुल्लाणीबाई चालतील. पण एका अटीवर. तुझ्या गळ्यातल्या लिंगावर हात ठेव आणि लिहून पाठव, की आत्ती, तुझं लिंग तुझ्या अंगावरून मी निघू देणार नाही. तू लिंग धरून शब्द दिलास की मी निर्धास्त झोपेन. मग सुरी कुणाचीही असू दे.

शांतव्वा आत्ती

•

कोल्हापूर
२० जानेवारी २०२५

आत्ती, नमस्कार.

तू तयार झालीस हे वाचून फार बरं वाटलं. ५ तारखेला सकाळीच ये, रक्ताच्या काही तपासण्या राहिल्यात. ब्लडप्रेशरची गोळी चालू ठेव. येताना मऊ, पुढून बटणं असलेले दोन ब्लाऊज आण.

मी शेवटपर्यंत तुझ्याजवळ असेन. काळजी करू नकोस. सध्या दिवसाला सहा-सहा केसेस आहेत, म्हणून थोडक्यात लिहिते.

शांभवी

•

गडहिंग्लज
२३ जानेवारी २०२५

शांभवी,

चौथीतली पोरं असं करायची. अवघड प्रश्न सोडायचा आणि सोप्याचं उत्तर वळणदार अक्षरात लिहायचं. ब्लाऊजची बटणं मी विचारली नव्हती.

मी काय मागितलं होतं ते पुन्हा वाच. एक ओळ. ती तू लिहिली नाहीस. विसरलीस असं मला वाटत नाही.

ती ओळ येत नाही तोवर माझी तारीख रद्द समज. गाठ वाढायची असेल तर वाढू दे. माझं वय एकोणसत्तर आहे, आणि आमच्या यांच्यासारखं जाण्यापेक्षा घरात लिंग हातात घेऊन जाईन.

आत्ती

•

कोल्हापूर
२७ जानेवारी २०२५

आत्ती,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता फाडणार नाही.

ती ओळ मला लिहिता आली नाही, कारण माझ्या गळ्यात लिंग नाही. मामा गेले त्या आठवड्यात मी ते काढलं आणि आईच्या देव्हाऱ्यात ठेवलं. तुझ्याकडे यायचं असलं की बंद गळ्याचा ड्रेस घालते. चौदा वर्षं तू समजत होतीस की ते आत आहे.

आणि मामांचं लिंग सलोमी सिस्टरनं काढलं नाही. मी काढलं.

तुला आठवत असेल, ऑपरेशनला नेताना तू माझा हात धरून म्हणालीस, “शांभवे, तेवढं लिंग हलू देऊ नको गं.” मी हो म्हणाले. सत्तावीस वर्षांची होते, नुकती नोकरीला लागलेली, मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली. मी भांडून ते छातीवरच ठेवायला लावलं, वर चिकटपट्टी लावली. ऑपरेशन निम्मं झालं आणि मामांचं हृदय थरथरायला लागलं. अशा वेळी छातीवर विजेचा झटका द्यावा लागतो. जिथं झटका द्यायचा तिथंच लिंगाची चांदीची डबी. धातूवर वीज गेली की चामडी जळते आणि झटका हृदयापर्यंत नीट पोचत नाही. मोठे डॉक्टर ओरडले, “ते काढा आधी!” सलोमी सिस्टर पुढे झाल्या आणि थांबल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “डॉक्टर, तुमच्या घरचं हाय, तुम्हीच काढा.”

मी कात्रीनं लिंगाचा दोरा, शिवदारा, कापला. चिकटपट्टी ओढली. डबी ट्रेमध्ये टाकली, ठेवलीसुद्धा नाही, टाकली. त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. तीन झटके दिले. मामा परत आले नाहीत.

तू बाहेर पिशवी बघितलीस आणि सलोमी सिस्टरना सगळ्यांसमोर काय काय बोललीस ते मी दाराआड उभी राहून ऐकलं. “तुमचा देव तुम्हाला हेच शिकवतो का?” असं तू ओरडलीस. त्या माझ्याकडे बघत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. नंतर तू दवाखान्याला अर्ज केलास, चौकशी लागली, आणि दोन महिन्यांत त्या नोकरी सोडून गेल्या. चौकशीत मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, मला आठवत नाही.

लिंग काढलं याचा मला पश्चात्ताप नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा कापीन. तुझ्या बाबतीतही. म्हणून शब्द देता येत नाही. पण त्या बाईला मी तुझ्या तोंडी दिलं आणि नामानिराळी राहिले, तो माझा गुन्हा आहे. माझ्यामुळे तू चौदा वर्षं परधर्माच्या डॉक्टर-नर्सला भीत आलीस. पहिल्या पत्रात मी तुला शहाणपण शिकवत होते, त्याची लाज वाटते.

मला काय हवं ते म्हण. ऑपरेशन मात्र करून घे. हात जोडते.

शांभवी

•

गडहिंग्लज, तुझ्या दारात
४ फेब्रुवारी २०२५

आत्ती,

आठ दिवस झाले, तुझं उत्तर नाही. बनाबाईचाही पत्ता नाही. आज सुट्टी टाकून आले तर दाराला कुलूप. उसाच्या ट्रॉल्यांमुळे पोचायला तीन तास लागले आणि इथं सांगायला कुणी नाही. समोरचे म्हणतात, “बाई रविवारीच गेल्यात, कुठं ते न्हाय सांगितलं.” देवळात बघितलं, मठात बघितलं. तुझा फोन बंद आहे.

परवा तारीख आहे. रेहाना मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, पेशंटबद्दल मी काही सांगू शकत नाही. मला! मी इतकी चिडले की दार आपटून बाहेर आले.

तू कुठल्या तरी काढेवाल्याकडे गेली असशील तर माझ्यावरच्या रागापायी जाऊ नकोस. मला वाटेल ते बोल, घरात घेऊ नकोस, पण गाठ ठेवू नकोस. ही चिठ्ठी दाराखालून सरकवते. मिळाली की कुणाकडून तरी मिस्ड कॉल दे.

शांभवी

•

गडहिंग्लज
१० फेब्रुवारी २०२५

शांभवी,

तू माझ्या दारात बसून चिठ्ठी लिहीत होतीस तेव्हा मी तुझ्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे, बनाबाईच्या लेकीकडे होते. मुद्दाम सांगितलं नाही. तुझं तोंड बघायची माझी इच्छा नव्हती.

तुझं पत्र वाचून पहिले दोन दिवस मी तुला खूप बोलले. घरात कुणी नव्हतं, भिंतींनी ऐकलं. तिसऱ्या दिवशी सलोमी डोळ्यांपुढे आली. माझा नवरा गेल्याचं दुःख होतं हे खरं, पण मी तिला जे बोलले ते ती ख्रिश्चन होती म्हणून बोलले. पिशवी तुझ्या हातात असती तर मी तुझ्या गळ्यात पडून रडले असते. हे मला तेव्हा कळलं.

मग मी बनाबाईला घेऊन थेट मुल्लाणीबाईंकडे गेले. नंबर लावून, दीड तास बसून. बाई पन्नाशीच्या, डोक्यावर ओढणी, बोलायला आपल्यासारख्याच रोखठोक. मी कानात यंत्र लावलं आणि म्हटलं, “बाई, राग मानू नका, तुम्ही देवाला मानता का?”

त्या मोठ्यानं म्हणाल्या, “मानते की. पाच वेळा नमाज हाय माझी. तुम्हाला ते ठाऊक हाय, म्हणून तर विचारतासा न्हवं?”

मी ‘हो’ म्हटलं. त्या म्हणाल्या, “वीस वर्षं झाली आजी. नाव वाचून दारातनं परत जाणारी माणसं मी बघतीय. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण तुम्ही तोंडावर विचारलंसा, त्याचं न्हाय वाटलं. अंग तुमचं हाय. विचारा काय विचारायचं ते.”

मग मी लिंगाचं विचारलं. त्या म्हणाल्या, चांदीची डबी चालणार नाही, रक्त थांबवायच्या विजेच्या यंत्रानं चटका बसतो. लिंग कापडात गुंडाळून मुठीत द्या, वर पट्टी बांधू. मी म्हटलं, पूजेला डावा तळहात लागतो. त्या म्हणाल्या, डावा हात मला लागतो, गाठ त्या बाजूला आहे. शेवटी उजव्या मुठीवर आमचं ठरलं. पट्टी मी शुद्धीत असताना माझ्यासमोर बांधायची.

आणि मग त्यांनी आपणहून सांगितलं, “पण एक आत्ताच सांगून ठेवते. जीव जायची वेळ आली आणि ते आडवं आलं, तर मी काढणार. नंतर तुम्हाला सांगणार, मी काढलं म्हणून. हे चालत असंल तर सही करा.”

मी सही केली. २० तारीख, गुरुवार. तुला काही सांगायचं नाही असं मीच त्यांना बजावलं होतं, तेव्हा त्यांच्यावर दार आपटलंस त्याची माफी माग.

आता तुझं. दोरा कापलास ते बरोबर केलंस. झटक्याचं मुल्लाणीबाईंनी मला चित्र काढून समजावलं. तू लिंग घालत नाहीस याचं वाईट वाटलं आणि वाटत राहील, ते मी माझं बघीन. पण मुल्लाणीबाईंना मी देव विचारला, डॉक्टर विभूती लावणारा हवा म्हटलं, तुला मात्र कधी विचारलं नाही, कारण तू आमच्यातली. तिथंच मी फसले.

म्हणून भूल तू द्यायची नाहीस. मुल्लाणीबाईंच्या इथल्या दुसऱ्या डॉक्टर देतील, मी त्यांच्याशी बोलले आहे. तू आत पाऊलही टाकायचं नाही. माझं माणूस म्हणून कागदावर तुझं नाव घातलंय, तेव्हा बाहेर बाकावर बसायचं. मी बसले होते तसं.

बरी झाले तर सलोमीकडे जायचंय. पत्ता काढून ठेव. आधी मी बोलेन, मग तू.

शांतव्वा आत्ती

•

कोल्हापूर, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर
२० फेब्रुवारी २०२५

आत्ती,

तू आत गेलीस त्याला सव्वा तास झाला. मोबाइल बघवत नाही, म्हणून तुझ्या फाइलमधल्या कोऱ्या पानावर लिहिते. तू शुद्धीवर आलीस की वाचायला देईन. फाडलंस तरी चालेल.

रेहाना मॅडमची माफी मागितली. “बरं,” म्हणाल्या आणि आत गेल्या. सलोमी सिस्टर आता मिरजेत असतात, पत्ता मिळालाय. फोन करायचा मात्र धीर झाला नाही.

सही करताना ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात काय लिहायचं ते मला सुचेना. पंधरा वर्षं मी हा कागद लोकांसमोर धरलाय, घाई करून सह्या घेतल्यात. आज सिस्टर म्हणाल्या, “लवकर करा मॅडम, आत थांबल्यात,” तेव्हा मला त्यांचा राग आला.

बाकावर शेजारी बनाबाई आहे. पलीकडे हातकणंगल्याची एक बाई, तिची सून आत जायचीय. तिनं मला विचारलं, “पावणं, ह्या मुल्लाणी डॉक्टर कशा हायत वो? मुसलमान हायत म्हणं.” एरवी मी तिला चार शब्द सुनावले असते. आज म्हटलं, “त्यांनाच विचारा. त्या सांगतात.” ती खरंच उठून दारापाशी जाऊन उभी राहिली.

आत काय चाललंय ते मला मिनिटामिनिटाला माहीत आहे आणि काहीच माहीत नाही. आता काखेतल्या गाठी बघत असतील. मध्येच यंत्राचा बारीक आवाज आला, मला वाटलं तुझं प्रेशर पडलं. उठले, दारापर्यंत गेले, परत आले. तू सांगितलंयस पाऊल टाकायचं नाही. चौदा वर्षांपूर्वी तू अशा बाकावर किती वेळ बसली होतीस ते मी कधी मोजलं नाही. आज मोजलं, पावणेचार तास. मीच आतून निरोप पाठवला होता, अजून थोडा वेळ लागेल. तोवर मामा गेलेले होते.

दोन तास होऊन गेले. मध्ये लिहिता आलं नाही.

आत्ताच दार उघडून सिस्टर बाहेर आल्या. बनाबाई माझ्या आधी उठली, पण मी तिला बाजूला करून पुढे गेले आणि विचारलं, “लिंग मुठीत आहे ना?”

त्या म्हणाल्या, “हाय. पट्टी सुटलेली न्हाय.”

आणि त्यानंतर, आत्ती, मी तू कशी आहेस ते विचारलं.

शांभवी